अनारसा तुपात ‘हसतो’ तो का? अन् धोंड्याच्या महिन्यात वाणाला तेहतीसच का?

नांदुऱ्याच्या आमच्या घरात एक पितळी डबा आहे. झाकणाला पोचा आलेला, कडीचा एक कान तुटलेला. एरवी तो माळ्यावर असतो. साधारण तीन वर्षांनी एकदा खाली येतो, चिंचेने घासला जातो आणि त्यात मोजून तेहतीस अनारसे भरले जातात. मोजणी आई स्वतः करते. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या डब्याशेजारी आणखी एक डबा भरला जायचा, स्टीलचा, साधा. त्यात मोजणी नसायची. तळताना जे अनारसे फुटले, पसरले, कढईत विरघळले ते त्यात जायचे. आमच्याकडे त्याला ‘हसलेले’ म्हणतात. बहुतेक मराठी घरांत हाच शब्द आहे. बाकी कुठला पदार्थ बिघडला तर तो करपतो, फसतो, चिवट होतो. अनारसा मात्र हसतो.

हे हसलेले अनारसे माझ्या भाऊजींना फार आवडायचे. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

यंदा अधिक ज्येष्ठ महिना १७ मे ते १५ जून असा आहे. अनारशाचं पीठ नीट मुरायला आठवडा तरी लागतो. त्याआधी तांदळाचे तीन दिवस. म्हणजे वाणाला घरचे अनारसे द्यायचे असतील तर तांदूळ वेळेत भिजायला हवा. तो भिजेपर्यंत दोन प्रश्नांची उत्तरं पाहू: हा जास्तीचा महिना येतो कुठून, आणि एवढ्या नेमाने केलेला अनारसा ऐनवेळी हसतो तो का?

जास्तीचा महिना आला कुठून?

हिशेब सोपा आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष मात्र सुमारे ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरली नाही तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसात येईल. मुस्लिम पंचांगात ही तूट भरत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

आपल्या पंचांगाने तूट भरायची ठरवली. सूर्य दर महिन्याला रास बदलतो, ती संक्रांत. ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. यंदा सूर्य १५ मे रोजी वृषभेत जातो आणि मिथुनेत जातो तो १५ जूनला, अमावास्या संपल्यावर काही तासांनी. मधला पूर्ण चांद्र महिना संक्रांतीविना राहिला, म्हणून तो अधिक ज्येष्ठ. त्यानंतर खरा, म्हणजे निज ज्येष्ठ.

असं सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी होतं. एकोणीस वर्षांत सात वेळा. अलीकडचे आठवत असतील तर पाहा: २०१५ मध्ये आषाढ, २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण. पौष मात्र यात कधी दिसत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगाने फिरते. त्यामुळे सूर्य एक रास लवकर ओलांडतो आणि चांद्र महिन्यात संक्रांत हटकून पडते.

खेड्यापाड्यांत याला धोंड्याचा महिना म्हणतात. पुरण भरून कणकेचे धोंडे करायचे, ते वाफवायचे किंवा तळायचे, वर तुपाची धार आणि लेक-जावयाला जेवायला बोलवायचं. अनारसे त्याच ताटातले.

तेहतीसच का?

घरोघरी याची दोन उत्तरं मिळतात. पहिलं देवांचं: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य आणि आणखी दोन असे तेहतीस. दुसरं तुटीचं: वर्षाला अकरा, तीन वर्षांत तेहतीस दिवस. आमची आजी तिसरंच सांगायची. महिन्याचे तीस आणि ‘वरतून तीन, घरातल्यांच्या तोंडाले’. म्हणूनच अनेक ठिकाणी या वाणाला ‘तीस-तीन’ म्हणत असावेत, अशी तिची ठाम समजूत होती.

वाणाला जाळीदार पदार्थच लागतो. अनारसे, बत्तासे किंवा म्हैसूरपाक. या महिन्यातल्या अपूपदानाविषयी पुराणात अशी समजूत आहे, की वड्या-पुऱ्यांना जितकी छिद्रं, तितकी वर्षं दात्याला स्वर्गवास. हा हिशेब मनावर घेतला तर चांगल्या जाळीच्या एका अनारशात माणसाची कायमची सोय व्हावी.

आता तेहतीस बिस्किटांचे, तेहतीस चॉकलेटांचे डबेही मिळतात. चांदीचे अनारसेही असतात. आमच्या शेजारचं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, तिथल्या पेढ्यांवर या महिन्यात चांदीचं ताट, दिवा, तेहतीस छोटे अनारसे मागणारे सासरे दिसतात. चांदीचे भाव कुठे जाऊन बसलेत ते वेगळं सांगायला नको. पीठ मळून केलेलं वाण लेकीच्या बापाला परवडतं. चांदीचं वाण म्हणजे पुष्कळदा कर्ज असतं. जावई मागत नाही, ‘द्यावं लागतं’ असंच सगळे म्हणतात. न मागता द्यावं लागणारं काय असतं, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

तांदळाचे तीन दिवस

आमचा भाग कपाशीचा, ज्वारीचा, तुरीचा, आता सोयाबीनचा. तांदूळ पिकतो तो तिकडे भंडारा-गोंदियाला. आजीच्या तरुणपणी भात हे रोजचं जेवण नव्हतं. सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला. तशा घरात दीड-दोन शेर तांदूळ तीन दिवस पाण्यात घालून ठेवायचा, हेच मुळात मोठं काम वाटायचं. त्यामुळे अनारसे बिघडले तर बाईचा जीव जायचा.

तांदूळ जुना लागतो, शक्यतो जाडा. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं. बासमती तर नकोच. धुऊन भरपूर पाण्यात भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, अगदी न चुकता. दुसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास येऊ लागतो, वर बुडबुडे दिसतात. म्हणजे आंबवणारे जिवाणू कामाला लागले. ते हवेच असतात, पण बेतात. पाणी बदलण्याचं कारण हेच: आंबणं चालू राहावं, सडणं होऊ नये. तीन दिवसांत दाणा इतका भुसभुशीत होतो, की बोटांच्या चिमटीत चुरडतो.

चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सुती पंच्यावर सावलीत पसरायचा. पुष्कळांचा घोळ होतो तो इथेच. दाणा हाताला कोरडा लागावा, पण आतून ओलसर राहावा. खडखडीत वाळला तर पीठ बाहेरच्या तांदळाच्या पिठासारखंच होतं. ओला राहिला तर पुढे गूळ त्याचा चिखल करतो.

यंदाची अडचण वेगळी आहे. महिना मे-जूनचा आणि वऱ्हाडातलं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचं. पुस्तकात ‘दोन-तीन तास वाळवा’ लिहिलेलं असतं ते आपल्या हवेसाठी नाही. पंख्याखाली, बंद खोलीत, अर्ध्या-पाऊण तासाने हात लावून पाहायचं. उलट २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. दमट हवेत आमचा तांदूळ दिवसभर पसरून ठेवला तरी वाळेना.

मग कुटायचा आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचा. मिक्सर चालतो, पण थोडा थोडा घालून, नाहीतर भांडं तापतं आणि पिठाचा ओलावा जातो. या ओलसर पिठात किसलेला गूळ. माप घरागणिक बदलतं. आईचं माप चार वाट्या पिठाला तीन वाट्या गूळ, दाबून नाही, अलगद भरून. गुळाऐवजी पिठीसाखर घेतली तर अनारसे पांढरे, जरा खुसखुशीत होतात. चमचाभर तूप घालून घट्ट गोळे वळायचे, हवाबंद डब्यात ठेवायचे आणि विसरून जायचं. चार दिवसांनी गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो, स्वतः पाझरतो आणि आधी कोरडा वाटणारा गोळा मऊ होतो. घाई करणाऱ्याला म्हणूनच वाटतं की पीठ कोरडं झालं; तो दूध घालतो आणि मग पीठ सैल पडतं.

एकदा मुरलेलं हे पीठ महिनोन् महिने टिकतं. त्यातलं पाणी गुळाने बांधून ठेवलेलं असतं, बुरशीला ते मिळत नाही. मुरांब्यात होतं तेच इथे.

कढईत काय होतं?

खसखशीवर थापलेली पुरी तुपात सोडली, की पिठातल्या पाण्याची वाफ होते. वाफ वर वाट काढते, तिने केलेली भोकं म्हणजे जाळी. खसखशीची बाजू वर ठेवायची आणि अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने तूप वर उडवत राहायचं. उलटला तर खसखस जळते आणि वाफेची वाट बुजते.

आता हसण्याचं कारण. गव्हाच्या पिठात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, म्हणून करंजी, शंकरपाळा आपला आकार सोडत नाही. तांदळात ते नाही. अनारशाला धरून ठेवतं ते फक्त शिजलेलं पिष्ट. आणि साखर-गूळ नेमकं तिथेच आडवं येतं. गोडाचं प्रमाण वाढलं की पिष्ट शिजायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो. कढईत गूळ तर लगेच वितळतो. पिष्ट घट्ट व्हायच्या आत गूळ वितळून वाहू लागला, की पुरीला धरायला कुणीच उरत नाही. ती पसरते, तिचे तुकडे होतात, तूप फेसाळतं. अनारसा हसला.

म्हणजे गूळ जास्त, पीठ ओलं किंवा तूप थंड, यांपैकी काहीतरी एक. तूप थंड असेल तर पिष्ट वेळेत शिजत नाही. फार तापलं तर बाहेरून लाल, आत कच्चं. म्हणून आई आधी एक चिंचोक्याएवढी गोळी सोडते. ती तळाशी जाऊन सावकाश वर आली तर ठीक.

हसत असेल तर पिठात ओलसर तांदळाचं थोडं पीठ मिसळायचं. ते नसेल तर साधं तांदळाचं पीठही चालतं. उलट जाळीच पडत नसेल, पुरी दगडासारखी होत असेल, तर पीठ कोरडं आहे. चार थेंब दूध किंवा चमचाभर कुस्करलेलं पिकलं केळ. पण तेवढ्याच गोळ्यात जेवढा लगेच तळायचाय. दूध-केळं घातलेलं पीठ टिकत नाही.

अशीच गोष्ट देशभर वेगवेगळ्या नावांनी आहे. बिहारात गयेचा अनरसा, ओडिशात अरिसा, आंध्रात संक्रांतीला अरिसेलु, तमिळनाडूत दिवाळीला अधिरसम, कर्नाटकात कज्जाय. दक्षिणेकडे बहुतेक ठिकाणी गुळाचा पाक करून त्यात ओलसर पीठ घालतात, म्हणजे गूळ आधीच शिजलेला असतो. आपण गूळ कच्चाच घालतो आणि मुरण्यावर सोपवतो. जोखीम आपल्याकडे जास्त आहे.

मापाची वाटी

माझ्या आईला लग्नानंतर पंधरा वर्षं अनारसे जमले नाहीत. आजीने तिला कधी माप सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, “मले काय विचारतं, तांदळाले विचार.” त्यात तिरकसपणा होता, नाही असं नाही. सुनेला सगळं सांगितलं तर घरात आपलं काय उरलं, ही भीती त्या पिढीतल्या अनेक बायकांना होती. आणि दुसरी बाजू अशी, की आजीकडे माप खरंच नव्हतं. ती हातात पीठ दाबून सांगायची.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी सुनांची सुटका झाली. आमच्याकडेही ते होतं, पाटावर उघडं पडलेलं, पानांना तुपाचे डाग. पण पुस्तकातली वाटी आणि आमच्या घरातली वाटी एक नव्हती. आईने मग आजी पीठ करत असताना तिच्या ओंजळी मोजल्या, चोरून. रात्री तेवढाच तांदूळ वाटीने मापून पाहिला. ते माप तिने पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं. पंचांग जुनं झालं, ते पान मात्र फाडून पितळी डब्यात ठेवलंय.

त्याच मापाचे तेहतीस अनारसे २०१५ मध्ये पहिल्यांदा जावयाला गेले. ताईचं सासर अकोल्याचं. भाऊजी जेवायला आले, वाण घेतलं, नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, “सासूबाई, हसलेले कुठे ठेवले?” त्यांच्या घरी लहानपणी चांगले अनारसे पाहुण्यांना जायचे, मुलांना फुटलेले मिळायचे. त्यामुळे त्यांना तेच खरे अनारसे वाटायचे. त्या दिवसापासून स्टीलचा डबा सुरू झाला. आईला आता अनारसे चांगले जमत होते. तरी ती शेवटचे चार-पाच मुद्दाम थंड तुपात सोडायची.

२०२० चा अधिक आश्विन १८ सप्टेंबरला लागला. करोनाचे दिवस, पॅसेंजर गाड्या बंद. जेवायला बोलवायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही डबे मोटरसायकलला बांधून मी खामगाव, बाळापूर करत अकोल्याला गेलो. भाऊजी फाटकापर्यंत आले, तोंडाला रुमाल. मी डबे ओट्यावर ठेवून मागे झालो, मग त्यांनी उचलले. आधी स्टीलचा डबा उघडून पाहिला. चहा राहिला म्हणून ताई आतून ओरडत होती.

पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, भाऊजी गेले. बेचाळीस वर्षांचे होते.

वाण कुणाला?

२०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलैला लागणार होता. आमच्या घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाबांनी कॅलेंडरचं पान उलटलं तेही हळूच. आणि एका सकाळी मी पाहिलं तर मोठ्या पातेल्यात तांदूळ भिजत होता.

आत्या तेव्हा आमच्याकडे होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, “वयनी, जवाई नाही तं वाण कोणाले देतं? असं करत नसतात.” आत्या वाईट नाही. तिला भीती वाटली, लोक काय म्हणतील याची आणि कदाचित त्याहून काही अशुभ होईल याची. आई पाणी बदलत होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, “बाई, लेक तं आहे ना.”

एवढंच. पुढे वाद झाला नाही, पण घर चार दिवस गप्प होतं. बाहेर पाऊस धरून होता. तिकडे संग्रामपूर, जळगाव जामोदकडे अतिवृष्टीने गावं पाण्यात गेली, ते हेच दिवस. तांदूळ वाळेना. आईने गॅसवर तवा गरम करून, तो बाजूला ठेवून, त्याच्या धगीवर पंचा धरून तांदूळ सुकवला. हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

शास्त्राचं म्हणाल तर जावयाला नारायण आणि लेकीला लक्ष्मी मानून दोघांना मिळून वाण द्यायचं असतं. मग एकटी लक्ष्मी उरली तर तिचं वाण बंद का करायचं, या प्रश्नाला मला अजून कुणी पटणारं उत्तर दिलेलं नाही. विधवेची ओटी भरायची नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे आपण सोडत चाललो आहोत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि मग राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आईने ही बातमी वाचली होती की नाही, मला माहीत नाही. तिने ठराव वगैरे काही केला नाही. तांदूळ भिजवला.

ताई आली. आईने तिला पाटावर बसवलं, ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि ताट तिच्या हातात दिलं. आत्या आतल्या खोलीत होती. थोड्या वेळाने बाहेर आली आणि ताईच्या भाच्याला, म्हणजे माझ्या मुलाला, म्हणाली, “आत्याच्या पाया पड.” तिच्या परीने तिने तेवढं केलं.

स्टीलचा डबा त्या वर्षी आईने भरला नव्हता. ताईने विचारलंही नाही.

यंदा

आईच्या मनगटात आता जोर नाही, पीठ मळताना हात दुखतो. मी म्हटलं, तयार पीठ आणू. बचत गटाच्या बायका चांगलं करून देतात, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल आणावं, फक्त पीठ ओलसर तांदळाचं आहे ना ते चोळून पाहावं. आई नको म्हणाली नाही. पण गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिने तांदूळ भिजवला होता, अकोल्याला, स्वतःच्या घरी. पंचांगाच्या पानाचा फोटो मी तिला पाठवला. पेन्सिल पुसट झालीय, ‘तीन’ की ‘अडीच’ ते दिसेना. आईने फोनवर सांगितलं, तीन, पण अलगद.

चाचणी म्हणून ताईने चिमूटभर पीठ लगेच तळून पाहिलं. व्हिडिओ कॉल लावून फोन डाळीच्या डब्याला टेकवला होता. पहिला अनारसा कढईत सोडला आणि दोन क्षणांत तो चारी बाजूंनी पसरला. आई इकडून म्हणाली, “तूप थंड आहे, आच वाढव.” ताईने आच वाढवली. मग झाऱ्याने तो फुटलेला अनारसा अलगद निथळून काढला आणि बाजूला एका स्टीलच्या डब्यात ठेवला.